पॅकहाऊसमधले लोस हाइवास

नाशकात रॉक ऐकणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाची यादी ठरलेली असते. पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, लेड झेपलिन. कॉलेज रोडचा एखादा मित्र जरा पुढचा निघाला, तर त्याने भरून दिलेल्या कॅसेटमुळे येस किंवा जेथ्रो टल. माझीही यादी तीच होती आणि चाळिशी उलटेपर्यंत तीत काही भर पडली नव्हती. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी, मधेच बदलणारे ताल, ऑर्गन, बासरी आणि मुखपृष्ठावर काहीतरी विचित्र चित्र, हा सगळा इंग्लंडचा मामला आणि तोही सत्तरच्या दशकातच आटोपलेला, असं आमच्यात सगळेच धरून चालत.

भर पडली ती द्राक्षांमुळे. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघतो. निर्यातीच्या द्राक्षात चिली आणि पेरू आमचे स्पर्धक, पण शिकायला पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागतं. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की चिलीचे सल्लागार इकडे येतात, काड्या बघतात, घड मोजतात, विरळणी आणि जीए या संजीवकाच्या डोसावर बोलतात आणि विमान पकडतात. त्यातल्या एकाला बागा दाखवत फिरवायचं काम माझ्याकडे आलं. ओझरच्या पुढे गाडीत माझं नेहमीचं ‘द वॉल’ चालू होतं. त्याने दोन गाणी निमूट ऐकली आणि मग अगदी सभ्यपणे विचारलं, आता माझं लावू का?

पियानो सुरू झाला. त्यावर बांबूची बासरी, मग एका पुरुषाचा मोकळा, जरा चिरका आवाज, मग ढोल. मला वाटलं हे लोकसंगीत आहे. पाच मिनिटांनी तोच पियानो असा काही सुटला, त्याच्यामागे ड्रम असे धावले की मी गाडीचा वेग कमी केला. गाणं अकरा मिनिटांचं होतं. नाव ‘ला पोदेरोसा मुएर्ते’, बँड लोस हाइवास, अल्बम ‘आल्तुरास दे माच्चू पिच्चू’, साल १९८१. शब्द पाब्लो नेरुदांचे. नेरुदा हे नाव सार्वजनिक वाचनालयाच्या जुन्या सभासदाला अनोळखी नाही, पण त्यांच्या दीर्घ कवितेवर कुणी पूर्ण अल्बम बेतला असेल, हे डोक्यात आलं नव्हतं. पिंपळगावच्या बागेत पोचलो तेव्हा बागायतदार बांधावर वाट बघत उभे होते आणि आम्ही दोघं काचा बंद करून गाडीत बसून राहिलो होतो. शेवटी त्यांनीच येऊन काचेवर टकटक केलं.

पुढचं मी स्वतः शोधत गेलो. हा बँड चिलीतल्या व्हिन्या देल मार या किनाऱ्यावरच्या गावातला. क्लाउदिओ, एदुआर्दो आणि गाब्रिएल हे तीन पार्रा भाऊ आणि त्यांचे दोन मित्र, गातो आल्किंता आणि मारिओ मुतिस. १९६३मध्ये सुरुवात केली तेव्हा नाव इंग्रजी होतं, हाय-बास, कारण बँडमध्ये काही उंच आणि काही बुटके. काम होतं पार्ट्यांमध्ये नाचाची गाणी वाजवणं. दशक संपता संपता त्यांनी ते सोडलं, नाव आपल्या उच्चारात ओढून हाइवास केलं आणि आन्डीज पर्वतातली वाद्यं हातात घेतली. १९७३मध्ये चिलीत लष्करप्रमुख पिनोशेचं बंड झालं. चारांगो, केना ही वाद्यं नव्या राज्यकर्त्यांना डाव्यांची वाटत, ती वाजवणाऱ्याकडे संशयाने बघितलं जाई. बँड आधी अर्जेंटिनात गेला, तिथेही लष्कर आल्यावर फ्रान्सला. माच्चू पिच्चूवरचा हा अल्बम झाला तो असा, आन्डीजपासून हजारो मैलांवर. त्याच वर्षी खुद्द माच्चू पिच्चूच्या, म्हणजे पेरूतल्या त्या जुन्या इंका नगरीच्या अवशेषांमध्ये उभं राहून त्यांनी तो वाजवला, त्याचं चित्रीकरण झालं आणि कार्यक्रमाचं निवेदन कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा यांनी केलं. ते चित्रीकरण मिळवून बघा. दगडी पायऱ्यांवर पियानो ठेवलेला, मागे ढग, आणि गाब्रिएल पार्रा ड्रमवर बसलेला नाही, उसळतोय. १९८८मध्ये पेरूत मोटार अपघातात तो गेला. पुढे त्याच्या जागी त्याची मुलगी हुआनिता बसली.

ऐकायला वेळ कुठे मिळतो, असं मित्र विचारतात. जानेवारी ते मार्च पॅकहाऊसला रात्र नसते. माल प्री-कूलिंगला लावला की मण्याच्या आतलं तापमान शून्याच्या आसपास येईपर्यंत तास मोजत बसायचं असतं, मग कंटेनर लागतो. त्या रिकाम्या तासांत चाळीस मिनिटांचे दोन-तीन अल्बम सहज होतात. शीतगृहात नेटवर्क नसतं, म्हणून घरून डाऊनलोड करून न्यायचे. हॉलमध्ये स्पीकर आहे. त्यावर एरवी बायकांच्या पसंतीची गाणी असतात, पण पहाटे दोननंतर कुणाची फर्माईश उरत नाही.

अशाच एका रात्री मी हाइवास लावले. आमच्याकडे कात्री घेऊन घड साफ करायला बसणाऱ्या बऱ्याचशा बाया पेठ आणि सुरगाण्याकडच्या. डाव्या हातात देठ धरून घड फिरवायचा, खराब मणी देठासकट उडवायचा, शेजारच्या मण्याला टोक लागू द्यायचं नाही. मान खाली, हात चालू. त्यातल्या एका मावशीची कात्री थांबली.

“भाऊ, ही पावरी कुठली?”

मी म्हटलं, पावरी नाही, परदेशातलं वाद्य आहे. ती ऐकून घेईना. तिचा चुलता पावरी वाजवायचा. भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, पुढे गाईचं शिंग, वर मोरपिसं, हे तिने मला सगळं हातवारे करून सांगितलं. शेजारच्या हसायला लागल्या. ती परत कान देऊन ऐकत राहिली आणि मग स्वतःच म्हणाली, “नाही. पावरी दम सोडत नाही. हा माणूस थांबतोय.”

हे अगदी बरोबर होतं. पावरीवाला गाल फुगवून हवा साठवतो, नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. हाइवासची झांपोन्या वेगळी. ओळीने बांधलेल्या नळ्या, वरून फुंकायच्या. आन्डीजच्या खेड्यांत ती मुळात दोघांनी मिळून वाजवायची असते; निम्मे सूर एकाच्या नळ्यांत, उरलेले दुसऱ्याच्या, आणि चाल दोघांमधून विणत जाते. म्हणजे प्रत्येक जण थांबतोच. मी तोवर तो अल्बम किती वेळा ऐकला होता, पण श्वास कुठे तुटतो याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. त्यांचंच दुसरं एक वाद्य आहे, मापुचे लोकांचं तृतृका. लांबच लांब बांबू आणि टोकाला गाईचं शिंग. ते मी मावशीला फोनवर दाखवलं. तिने मान डोलावली, याचं तिला काही नवल वाटलं नसावं.

त्यानंतर मी जे अल्बम शोधले त्यांत एक चाळणी आपोआप लागत गेली: यात तिथल्या मातीचं काही आहे का? स्पॅनिशमधलं बरंच प्रोग्रेसिव्ह रॉक हे जेनेसिस आणि येसचं मन लावून केलेलं अनुकरण आहे. अस्तुरियासमधल्या हिहोन गावचा क्राक नावाचा बँड घ्या, १९७९चा ‘सी तोदो इसिएरा क्राक’. जाणकार त्याला डोक्यावर घेतात. बासरी सुरेख, की-बोर्ड चोख, गायकाचं स्पॅनिश कानाला गोड. मला मात्र दुसऱ्यांदा ऐकताना घड्याळ बघावंसं वाटलं. इंग्लंडमध्ये जे होऊन गेलं होतं तेच पुन्हा, चार-पाच वर्षं उशिरा. हे मत इथे नोंदवून ठेवतो, कुणाला राग आला तर येवो.

त्याच स्पेनमधल्या दक्षिणेकडच्या, सेव्हिलच्या त्रियाना या बँडने माझी एक अख्खी पावसाळी सुट्टी खाल्ली. त्रियाना ही सेव्हिलमधली नदीपलीकडची वस्ती, फ्लामेंकोवाल्यांची. पहिला अल्बम ‘एल पातिओ’ १९७५चा. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्पेनचा हुकूमशहा फ्रँको मेला. तिघंच जण. हेसुस दे ला रोसा गायचा आणि की-बोर्ड वाजवायचा, एदुआर्दो रोद्रिगेस रोद्वाय गिटारवर, आणि तेले नावाने ओळखला जाणारा हुआन होसे पालासिओस ड्रमवर. पहिलंच गाणं जवळपास दहा मिनिटांचं. दे ला रोसाचा आवाज रॉक गायकाचा नाहीच. तो सूर लावतो, मग त्याला खाली ओढतो, आणि त्या ओढण्यात काय काय करून जातो.

हा अल्बम मी मामाला ऐकवला. मामा पंचवटीतल्या एका भजनी मंडळात तबला-पखवाज वाजवतो, रॉकचं त्याला वावडं आहे. ऑर्गन सुरू झाल्यावर त्याने तोंड वाकडं केलं, गाणं सुरू झाल्यावर सरळ केलं. “भैरवी आहे का रे? रिषभ कोमल आहे. पण गंधार मधेच शुद्ध लावतोय.” पेटी ओढून त्याने सूर तपासले. फ्लामेंकोचं हे ठरलेलं वळण आहे. खाली उतरताना कोमल गंधार आणि मुक्कामाला येताना शुद्ध. शुद्ध गंधार ठेवून बाकी रिषभ, धैवत, निषाद कोमल केले की आपल्याकडचा बसंत मुखारी होतो, हेही त्यानेच सांगितलं. तालात मात्र त्याची पंचाईत झाली. फ्लामेंकोतल्या सोलेआ आणि बुलेरिया या प्रकारांत बारा मात्रा असतात, पण वजन पडतं तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. मी एक साधी सोलेआ लावून दिली. मामा एकतालाच्या हिशेबाने टाळी धरायचा आणि दर आवर्तनात घसरायचा. “बारावर जोर? मग सम कुठे?” बुलेरियावाले मोजणीच बारापासून सुरू करतात, असं मी वाचलेलं सांगितलं, तर म्हणाला, असं कुठे असतं का. पण संध्याकाळपर्यंत मांडीवर बोटं चालू होती.

जिप्सी मूळचे भारतातले, म्हणून फ्लामेंको आपलंच, असं सांगणारा एक जण अशा वेळी हमखास भेटतो. जिप्सींची रोमानी भाषा भारतीय कुळातली आहे, हे भाषाशास्त्राने केव्हाच दाखवून दिलंय. पण वाटेतली काही शतकं, अरब, ज्यू, आंदालुसियाचे शेतमजूर, हे सगळं वगळून थेट पंचवटीत सम आणून ठेवायची घाई मला पटत नाही. मामाची बोटं घसरली, हेच त्यातलं खरं.

त्रियानाच्या वाटेने पुढे गेलं की कोर्दोबाच्या मेस्किता बँडचा १९७९चा ‘रेकुएर्दोस दे मी तिएर्रा’ लागतो. तो दमछाक करणारा आहे, एका बैठकीत पुरा ऐकू नये. इमान या बँडचा १९७८चा ‘कालिफातो इंदेपेंदिएन्ते’ मला जास्त आवडला. त्यात सुरुवातीचं एकच गाणं सुमारे वीस मिनिटांचं आणि बहुतेक सगळं वाद्यांचं. पहाटे कंटेनरला सील लागत असताना ऐकायला याच्याइतकं चांगलं काही नाही. दे ला रोसाही १९८३मध्ये रस्ता अपघातात गेला आणि आंदालुसियातलं हे रॉक तिथून ओसरत गेलं.

अर्जेंटिना म्हणजे तर मोठं कोठार आहे. सगळं सांगत बसत नाही. लुइस आल्बेर्तो स्पिनेता या माणसाचा १९७३चा ‘आर्तो’ मिळाला तर आधी त्याच्या पाकिटाचं चित्र बघा: हिरव्या-पिवळ्या रंगाचं, चौकोनी नाहीच, कडा वेड्यावाकड्या. रेकॉर्डच्या दुकानांतल्या कप्प्यांत ते धड मावायचं नाही. त्याच्याच इन्व्हिसिब्ले या तिघांच्या बँडचा ‘दुरास्नो सांग्रांदो’ १९७५चा. गुस्ताव्हो सांताओलाया हे नाव माझ्या भाच्याला माहीत होतं, ‘द लास्ट ऑफ अस’ या व्हिडिओ गेमचं संगीत त्याचं म्हणून. ‘ब्रोकबॅक माउंटन’ आणि ‘बेबल’ या सिनेमांसाठी लागोपाठ दोन ऑस्कर मिळालेला हा गृहस्थ विशीत आर्को इरिस नावाच्या बँडमध्ये होता. ते सगळे एका घरात राहायचे, ध्यान करायचे, मांस खायचे नाहीत, आणि १९७२मध्ये दक्षिण अमेरिकेच्या मिथकांवर त्यांनी दोन रेकॉर्डींचा ‘सुदामेरिका’ काढला. भाच्याने तो ऐकला आणि गेममधल्या गिटारीचं मूळ कुठे आहे ते मला दाखवून दिलं.

सहकाराच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला जास्त भावेल ती मिआची गोष्ट. मिआ म्हणजे स्वतंत्र संगीतकारांचा संघ. ब्वेनोस आयर्सच्या उपनगरात, व्हिया आदेलिनात, व्हिताले कुटुंबाच्या घरात तो चाले. आईवडील व्यवस्था बघायचे, लिलियाना आणि लितो ही मुलं वाजवायची-गायची, जोडीला इतर तरुण. रेकॉर्ड कंपनीकडे जायचं नाही. ऐकणाऱ्यांकडून आगाऊ वर्गणी घ्यायची, तिच्यातून रेकॉर्ड छापायची, त्यांनाच पोचवायची. पहिला अल्बम ‘त्रान्स्पारेन्सियास’ १९७६चा, म्हणजे लष्कराने सत्ता घेतली त्याच वर्षीचा. तेव्हा की-बोर्डवरचा लितो पंधरा वर्षांचाही नव्हता. आमच्याकडे दलाल टाळून कंपनी काढायची म्हटलं की सभांवर सभा होतात, आणि या लोकांनी बंदुकीच्या राज्यात घरच्या दिवाणखान्यातून ते करून दाखवलं. संगीत म्हणाल तर थोडं पुस्तकी आहे, पियानोच्या परीक्षेचा वास येतो. १९७८च्या ‘कोर्नोन्स्तिपिकुम’मध्ये तो बराच उडाला आहे.

हे सगळं ऐकताना मनात एकच प्रश्न येत राहिला: त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईत रॉक होतं. १९७० आणि १९७१च्या सिमला बीट स्पर्धांच्या रेकॉर्डी आहेत, अॅटॉमिक फॉरेस्टचा ‘ऑब्सेशन ’७७’ आहे. पण गाणं इंग्रजीत. व्हिन्या देल मारच्या पोरांनी जे साठच्या दशकाअखेर सोडलं ते आमच्या मंडळींनी धरून ठेवलं. मराठीत या अंगाने जे घडलं ते रंगभूमीवर. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने १९७८मध्ये आणला, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांचं. त्यात अंकुश झालेला नंदू भेंडे हा खरोखरचा रॉक गायक. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मधला ज्यूडास, व्हेल्व्हेट फॉग बँडचा माणूस. एकाच नाटकात लावणी, नाट्यसंगीत आणि हा गिटारीवरचा गळा. सापडले तेवढे तुकडे मी पुन्हा पुन्हा ऐकले. भेंडे मराठी शब्द दाबत नाहीत, ताणत नाहीत, आणि तरी ते रॉकच राहतं. पाया तयार होता असं मला ठामपणे वाटतं. त्यावर मजला चढला नाही, कारण नाटकाचे प्रयोग संपले की गाणीही पांगतात, आणि त्या वेळी मराठी रॉकची चाळीस मिनिटांची रेकॉर्ड काढायला पैसे कोण घालणार होतं? मिआसारखी वर्गणी कुणी काढली नाही.

भाचा की-बोर्ड वाजवतो. गेल्या होळीनंतर त्या मावशींच्या गावाकडे बोहाडा होता, त्याला मी घेऊन गेलो. रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचत येतात आणि संबळ थांबत नाही. पावरी तिथे नव्हती, वाजवणारा आजारी होता. भाच्याने सगळा संबळ फोनवर भरून घेतला आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर चढवून त्यावर ऑर्गन वाजवायला बसला. ते काही जमेना. संबळवाला सोंग पुढे सरकलं की लय वाढवतो, सोंग वळलं की सोडतो. सॉफ्टवेअरमधली टिकटिक आपली एकसारखी. भाचा म्हणतो, मात्रा कापून सरळ करून घेऊ, दोन तासांचं काम आहे. मी त्याला गाब्रिएल पार्राचं ते डोंगरावरचं चित्रीकरण दाखवलं आणि म्हटलं, याची लय तरी कुठे सरळ आहे, तू ऑर्गन वाकव. तो म्हणाला, त्यासाठी मला संबळवाल्यासमोर बसून वाजवावं लागेल. मग बस, मी म्हटलं. एप्रिलच्या खरड छाटणीची घाई संपली की संबळवाल्याला सवड असते. जनरेटर कुणाचा आणायचा, एवढंच ठरायचं आहे.